फ्लेक्सवर माझा फोटो का नव्हता



यंदा दशलक्षणात माझे दहा उपवास झाले आणि मंदिराबाहेर लागलेल्या अभिनंदनाच्या फ्लेक्सवर माझा फोटो नव्हता. एवढ्याशा गोष्टीवरून किती फोन आले म्हणून सांगू! हिंगणघाटच्या नणंदबाईंनी विचारलं, "वहिनी, मधेच सोडले का उपवास?" एका मैत्रिणीला वाटलं, मंडळाशी माझं काही बिनसलं. सतरा तपस्वींचे सतरा गोल फोटो आणि अठराव्या गोलात माझ्या नावावर कमळाचं चित्र. ते कमळ बघून पुलगावच्या एका गृहस्थांनी ग्रुपवर हात जोडून "भावपूर्ण श्रद्धांजली" टाकलं. मी पारण्याचं मुगाचं पाणी पीत होते. हसू आवरेना.

पण घरात हसण्यावारी गेलं नाही. सून म्हणाली, "आई, तुम्ही फोटो दिला नाही म्हणजे ज्यांनी दिला त्यांना तुम्ही नावं ठेवता, असंच लोकांना वाटणार." ती खोटं बोलत नव्हती. तेव्हा उत्तर सुचलं नाही, आता निवांतपणे लिहिते आहे. फोटोवर माझा राग नाही, हे आधी सांगते. माझ्या कपाटात सात अल्बम आहेत आणि मोबाईलची जागा दर महिन्याला भरते. पण गेल्या काही वर्षांत एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला लागली. पूर्वी काही घडायचं आणि जमलं तर त्याचा फोटो निघायचा. आता फोटो निघायचा म्हणून गोष्टी घडवल्या जातात. आणि हे लग्न-वाढदिवसापर्यंत राहिलं असतं तर मी काही बोलले नसते. ते चौक्यात आलंय, अभिषेकात आलंय, माणसाच्या शेवटच्या घटकेपर्यंत आलंय.

यावर कुणी मोठ्या माणसाने आधी विचार केलाय का, असं शोधायला मला लांब जावं लागलं नाही. आपलं सेवाग्राम वर्ध्यापासून आठ किलोमीटरवर. लहानपणापासून शंभर वेळा गेलो असू. बापूकुटी, प्रार्थनेची जागा, ती झाडं. आता चरख्याचं भलंमोठं शिल्पही उभं राहिलंय, आणि लोक आधी त्याच्यापुढे फोटो काढतात, मग वेळ उरला तर कुटीत डोकावतात. याच आश्रमात कनू गांधी राहायचे. बापूंचे चुलतनातू, नारणदास गांधींचे चिरंजीव. आश्रमात पत्रव्यवहार आणि हिशेब सांभाळायचे. म्हणजे आपल्याच जातकुळीचे, वहीखात्याचे! विशीतल्या या मुलाला बापूंचे फोटो काढायचे होते. पण कॅमेऱ्याला आश्रमाचा पैसा मिळणार नाही म्हटल्यावर घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले आणि त्यातून रोलिफ्लेक्स कॅमेरा आला. १९३८ च्या आसपासची ही गोष्ट. बापूंनी परवानगी दिली, पण तीन अटींवर. फ्लॅश वापरायचा नाही. मला 'असे बसा, इकडे बघा' म्हणायचं नाही. आणि या छंदाला आश्रम एक पैसा देणार नाही.

मी हे वाचलं ते मुलाकडे. दिल्लीच्या नजर फाउंडेशनने २०१५ मध्ये कनूभाईंच्या फोटोंचं पुस्तक काढलं, ते त्याने आणलं होतं. दुपारभर बघत बसले. फ्लॅश नाही म्हणून काही फोटो अंधारे आहेत, काही हललेले. बापू पाठमोरे आहेत, अर्धे खांबाआड आहेत. आपण असे फोटो लगेच पुसून टाकतो. पण त्यांत माणूस आपल्या कामात आहे. कॅमेऱ्याकडे त्याचं लक्षच नाही.

त्यांतला परचुरे शास्त्रींचा फोटो तुमच्यापैकी पुष्कळींनी पाहिला असेल. शास्त्री संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगात बापूंबरोबर होते. पुढे महारोग झाला, तेव्हा सेवाग्रामला आले. जवळ कुणी फिरकायला तयार नाही, असा तो काळ. आश्रमात त्यांची कुटी अजून आहे. बापू स्वतः त्यांना मालिश करायचे आणि तो क्षण कनूभाईंनी टिपलाय. त्या एका फोटोने महारोग्याला हात लावता येतो हे किती घरांत पोचवलं असेल! मी मात्र वेगळंच मनात धरलं. कनूभाई त्या दिवशी वर्ध्याला बाजारात गेले असते तरी ती मालिश झालीच असती. आदल्या दिवशी झाली होती, दुसऱ्या दिवशी व्हायची होती. तेव्हापासून घरात कुणी मोबाईल वर केला की मी मनात विचारते, हा नसता तर आपण हे केलं असतं का?

मला वाटतं, शंभरातल्या साठ गोष्टी केल्या नसत्या.

बापूंचा चरख्याजवळ बसलेला सगळ्यांत गाजलेला फोटो सेवाग्रामचा आहे असं पुष्कळांना वाटतं. तो १९४६ साली पुण्यात निघाला, अमेरिकेच्या 'लाइफ' मासिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी काढला. त्यांना फ्लॅशची सूट मिळाली, पण मोजून तीन बल्ब. आणि त्याआधी त्यांना सांगितलं गेलं की चरख्याचा फोटो हवा असेल तर पहिल्यांदा सूत कातायला शिका. बाई शिकल्या! आधी त्या कामाची थोडी झळ सोसा, मग फोटो. मला ही अट फारच आवडली. आपल्याकडे ज्याने एकाशन केलेलं नाही तो मुलगा तपस्वींना सांगतो, "काकू, थोडं थकल्यासारखं दिसा ना."

खोटं वाटेल, पण हे मला खरंच म्हटलं गेलंय.

माझी स्वतःची एक गोष्ट सांगते, ती सांगायला थोडी लाजही वाटते. काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात एक मुनिसंघ विहार करत वर्ध्यात आला. आमच्याकडे चौका लावला. लग्न होऊन आले तेव्हापासून मनात होतं की एकदा तरी आपल्या दारी पडगाहन व्हावं. पहाटे तीनला उठून विहिरीचं पाणी आणलं, गाळलं, सोवळ्याच्या साड्या, सगळं सगळं. आणि महाराज आमच्याच दारी थांबले. तीन प्रदक्षिणा घालताना माझे पाय थरथरत होते, एवढं आठवतं. पुढे आहार सुरू झाला. खिडकीच्या गजांबाहेर पुतण्या मोबाईल धरून उभा. मी महाराजांच्या ओंजळीत पाणी सोडत होते आणि बाहेरून आवाज आला, "काकू, एकदा इकडे!" मी बघितलं. दोन क्षण असेल. हात हलला, पाण्याची धार ओंजळीबाहेर गेली. अंतराय आला नाही, महाराजांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, आहार निर्विघ्न झाला. सगळे म्हणाले, काय भाग्य!

तो व्हिडिओ तीन मिनिटं चाळीस सेकंदांचा आहे. मी तो इतक्यांदा पाहिला आणि इतक्यांना दाखवला की आता मला त्या सकाळची स्वतःची आठवणच उरली नाही. महाराजांचा चेहरा आठवायला गेले तर खिडकीतून दिसतो तसा, अर्धा, गजांच्या मधून दिसतो. आणि माझ्या स्वतःच्या आठवणीत मी मला पाठमोरी दिसते! असं कसं होईल? मी तर महाराजांच्या समोर उभी होते. माझ्या डोळ्यांनी जे पाहिलं ते कुठे गेलं?

हे म्हातारपणामुळे झालं असं मला वाटायचं. नंतर वाचनात आलं की अमेरिकेत लिंडा हेंकेल नावाच्या मानसशास्त्राच्या बाईंनी यावर प्रयोग केला होता. २०१४ मध्ये तो छापून आला. विद्यार्थ्यांना संग्रहालयात फिरवलं, काही वस्तू नुसत्या बघायला सांगितल्या आणि काहींचे फोटो काढायला सांगितले. दुसऱ्या दिवशी विचारलं तर ज्यांचे फोटो काढले त्या वस्तू कमी आठवल्या. म्हणजे मन म्हणतं, ठेवलंय ना त्या डबीत, मग मी कशाला धरू? ती विशीतली मुलं होती, साठीतल्या नव्हत्या, एवढं समाधान.

याच्या उलट एक आठवण सांगते. नोव्हेंबर १९८२. माझं बी.कॉम. होऊन फार दिवस झाले नव्हते. पवनारला विनोबाजींनी अन्न, पाणी, औषध सोडल्याची बातमी आली. आमच्या घरी कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. बाबा एवढंच म्हणाले, "ही आपलीच वाट आहे." विनोबाजींनीच तर पुढाकार घेऊन भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण वर्षात आपल्या सगळ्या पंथांच्या लोकांकडून 'समणसुत्तं' सिद्ध करवून घेतलं होतं. १५ नोव्हेंबरला त्यांनी देह ठेवला. दिवाळी होती, आपला निर्वाणाचा दिवस. बाबांबरोबर मी पवनारला गेले होते. आमच्याकडे कॅमेरा नव्हता. धाम नदीचं पात्र, माणसांची रीघ, कुणी मोठ्याने रडत नव्हतं, माझी एक चप्पल हरवली आणि मी दुसरी हातात घेऊन चालले, हे सगळं काल घडल्यासारखं आहे. फक्त एका गोष्टीबद्दल माझी खात्री नाही. मला त्यांची हिरवी टोपी आठवते. पण ती मी तिथे पाहिली, की नंतर फोटोंत पाहून आठवणीत जाऊन बसली, हे मी आता शपथेवर सांगू शकत नाही.

कॉलेजात आम्हाला ताळेबंद शिकवताना सर सांगायचे की हा दुकानाचा ३१ मार्चच्या संध्याकाळचा फोटो आहे, वर्षभराचा कारभार त्यात दिसत नाही. आणि हुशार व्यापारी ३१ मार्चच्या आधी आठ दिवस दुकान सजवून ठेवतो, उधारी वसूल करून दाखवतो, १ एप्रिलला पुन्हा जैसे थे. हे मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. पुढे स्वाध्यायात पर्याय आणि द्रव्य हा विषय आला तेव्हा मला तो ताळेबंदच आठवला. फोटोत येतो तो एक पर्याय. जीव त्यात येत नाही. रोजच्या नोटेवरचे बापूच बघा ना. १९९६ पासूनच्या नोटांवरचा तो हसरा चेहरा १९४६ च्या एका फोटोतून कापून घेतलाय. मूळ फोटोत शेजारी लॉर्ड पेथिक-लॉरेन्स आहेत, व्हॉइसरॉयच्या घरी निघालेला फोटो आहे तो. कापल्यावर बापू आपल्याकडे बघून हसताहेत असं वाटतं. त्याआधी १९६९ साली, जन्मशताब्दीच्या नोटांवर बापू बसलेले आणि मागे आपला सेवाग्राम आश्रम होता. मी नऊ वर्षांची होते, बाबांनी दुकानातून आणून दाखवली होती. मी म्हटलं होतं, "हे तर आपल्या इथलं!" आणि मग सेवाग्रामला गेले तेव्हा मला कुटी नोटेपेक्षा लहान वाटली, हेही आठवतं.

आता जे लिहायचंय ते लिहू की नको, यात दोन दिवस गेले. पण सुनेने माझ्याकडून उत्तर मागितलंय आणि ते इथेच आहे.

माझ्या सासूबाईंना आम्ही सगळे बाई म्हणायचो. नव्वदी ओलांडली होती. बारा व्रतं निष्ठेने पाळलेली बाई. २०१४ च्या अखेरीस त्यांनी, सगळ्यांची क्षमा मागून, महाराजांच्या आज्ञेने सल्लेखना घेतली. त्या दिवसांबद्दल मी फार बोलत नाही. घरात पाठ चालायचे, येणारे-जाणारे दर्शन घ्यायचे. नात्यातल्याच एकाने त्यांचा व्हिडिओ काढला. चाळीस सेकंदांचा. बाई भिंतीशी टेकून बसलेल्या, ओठ हलताहेत, आजूबाजूला आम्ही बायका. कुणी काढला हे त्या वेळी आम्हाला कळलंही नाही. आपल्या ग्रुपांवर तो फिरला, लोकांनी 'धन्य धन्य' म्हटलं, आम्हालाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुढच्या वर्षी १० ऑगस्टला राजस्थान उच्च न्यायालयाचा निकाल आला की संथारा म्हणजे आत्महत्या, गुन्हा. २४ तारखेला देशभर समाजाने मूक मोर्चे काढले, तुम्हाला आठवत असेल. त्या गदारोळात तोच व्हिडिओ परत आला. कुठून कसा फिरत आला देव जाणे. या वेळी त्याखाली अनोळखी लोकांनी लिहिलं होतं, बघा म्हातारीला कसं कोंडून बसवलंय, सगळ्या बायका पहारा देताहेत. त्या पहारा देणाऱ्या बायकांत मी होते. चित्र तेच, सेकंद तेवढेच. आमच्या लोकांना त्यात वैराग्य दिसलं होतं, त्यांना जुलूम दिसला. यजमान आठ-पंधरा दिवस दारावरची बेल वाजली की दचकायचे. ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली तेव्हा त्यांनी आधी मंदिरात जाऊन नमस्कार केला आणि मग जेवले.

आणि त्या चाळीस सेकंदांत काय नव्हतं सांगू? त्याच दिवशी सकाळी बाईंनी मला जवळ बोलावून विचारलं होतं, "दूधवाल्याचे पैसे दिले का? कुणाचं देणं ठेवू नको." मी दिले म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटले. हे कुणाच्याही मोबाईलमध्ये नाही. माझ्यासाठी तेच बाईंचं समाधिमरण आहे. पण आता नातवंडांनी 'पणजी' म्हटलं की घरातले तो व्हिडिओ उघडतात.

कनूभाईंच्या पुस्तकाबद्दल वाचतानाच एक गोष्ट कळली आणि तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. फेब्रुवारी १९४४, पुण्याचा आगाखान पॅलेस, बापू आणि बा कैदेत. बांचं दुखणं वाढलं तेव्हा शुश्रूषेला कनूंना आत येऊ दिलं होतं. बापूंच्या मांडीवर बांचा अखेरचा श्वास चालू होता. कनूभाईंना तो फोटो घ्यायचा होता आणि बापूंनी घेऊ दिला नाही. ज्या माणसाचं उठणं-बसणं जगासमोर होतं, त्याने तेवढी एक खोली झाकून घेतली. आपण आपल्या बाईंसाठी तेवढंही करू शकलो नाही. दोष मी त्या नातेवाईकाला देत नाही. दार लावायचं काम माझं होतं, मी घरची मोठी सून होते.

पण आता दुसरी बाजूही ऐका, नाहीतर मी एकतर्फी बोलले असं होईल, आणि अनेकांत मानणाऱ्या बाईने तसं करू नये.

माझ्या आईचा एकही धड फोटो नाही. एक आहे, मामाच्या लग्नातला, त्यात ती मागच्या रांगेत आहे आणि पदर नाकापर्यंत. आमच्याकडे सुना-लेकींचे फोटो काढायची रीत नव्हती. पुरुष स्टुडिओत जाऊन खुर्चीत बसून काढून यायचे. आईचे डोळे कसे होते हे मी माझ्या नातीला दाखवू शकत नाही. एक चांगला फोटो असता तर मी त्याच्यासाठी काय वाट्टेल ते दिलं असतं. फ्लेक्सवरच्या त्या सतराजणींकडे बघताना मला हे आठवलं. त्यात एक आमच्याच गल्लीतली सून आहे, नाव लिहीत नाही. लग्नाला सहा वर्षं झाली, सगळे तिला अमक्याची बायको म्हणून ओळखायचे. फ्लेक्स लागला आणि मंदिरात बायका तिला नावाने हाक मारायला लागल्या. तिच्या त्या आनंदावर मी पाणी ओतावं का? सुनेचं म्हणणं मला इथे पटलं.

श्रीमद् राजचंद्रांचंही उदाहरण आहेच. बापूंचे रायचंदभाई. १९०१ मध्ये वयाच्या तेहतिसाव्या वर्षी ते गेले. शेवटच्या काळात वढवाणला त्यांचे दोन फोटो निघाले, एक पद्मासनातला, एक कायोत्सर्गातला. देह अगदी अस्थिपंजर, आणि डोळे बघून आपण गप्प होतो. आज जगभर त्यांचे अनुयायी त्या फोटोंपुढे बसून ध्यान करतात. गुजरातीत त्यांना चित्रपट म्हणतात, आपल्याला शब्द ऐकून सिनेमा आठवतो ते सोडा. ते फोटो निघाले नसते तर किती जणांचं आलंबन गेलं असतं! आपल्या शास्त्रात नाम, स्थापना, द्रव्य, भाव असे चार निक्षेप सांगितलेत, त्यातली स्थापना ती हीच. पाषाणात, चित्रात, बुद्धिबळाच्या लाकडी घोड्यातसुद्धा स्थापना होते. म्हणून फोटो म्हणजे मिथ्या, असं मी कधीच म्हणणार नाही. २०२० मध्ये मंदिरं बंद होती, तेव्हा रोज सकाळी फोनवर आलेल्या अभिषेकाच्या फोटोला मी हात जोडलेत आणि त्याने मला धीर दिलाय.

पण स्थापना केली की तिची जबाबदारी येते. पूर्वी घरात भगवंताची एखादी तसबीर असायची. आता प्रत्येक पत्रिकेवर, कॅलेंडरवर, मसाल्याच्या जाहिरातीवर पार्श्वनाथ भगवान. रद्दीत टाकता येत नाही, फाडता येत नाही. आमच्या माळ्यावर अशी दोन पोती भरलीत, तुमच्याकडेही असतील. आणि मोबाईल भरला की ते फोटो पुसताना बोट अडखळतं ते वेगळंच.

जाता जाता एक गंमत सांगते, गंमत म्हणावी की नाही कोण जाणे. जुन्या फिल्मवर आणि फोटोच्या कागदावर जो थर असायचा तो जिलेटिनचा, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यातून काढलेला. त्याच्याही आधी, १८५० नंतर बरीच वर्षं, फोटोचा कागद अंड्याच्या पांढऱ्यात भिजवायचे. जेली खायची नाही म्हणून मुलांना दटावणाऱ्या आम्ही, पंचकल्याणकाचे अल्बम त्याच जिलेटिनवर छापून कपाटात ठेवत होतो. कळल्यापासून त्या सात अल्बमांकडे मी जरा वेगळ्याच नजरेने बघते. फेकले नाहीत.

तर सूनबाई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ज्यांनी फोटो दिले त्यांना मी नावं ठेवत नाही. मला माझं माहीत होतं म्हणून दिला नाही. फोटोवाला मुलगा सातव्या उपवासाच्या दिवशी येणार होता आणि सहाव्या दिवशी रात्री पडल्या-पडल्या मी ठरवत होते की कोणती साडी नेसू, मोरपंखी की पांढरी. तीन सामायिकांत तीच साडी डोळ्यांपुढे. पोटात अन्न नव्हतं, पण मन भरपेट जेवत होतं. सकाळी उठून मी मंडळाला फोन केला की माझं नाव घाला, फोटो नको. एवढंच कारण आहे.

आपल्या घरापुरतं मी काय ठरवलंय ते सांगते. कनूभाईंच्या अटींतल्या दोन मी उचलल्यात. आहार, सामायिक, अभिषेक चालू असताना कुणाला 'इकडे बघा' म्हणायचं नाही आणि दिवा चमकवायचा नाही. लांबून, गुपचूप निघाला तर निघो, हललेला निघाला तरी चालेल. आणि माझी वेळ आली की माझ्या खोलीत मोबाईल नको, हे मी मुलाला लिहून दिलंय, मृत्युपत्राच्या कागदांबरोबर. तो म्हणाला, "आई, एवढं लिहून कशाला?" मी म्हटलं, बी.कॉम. आहे मी, तोंडी व्यवहार करत नाही.

गेल्या रविवारी महिला मंडळाच्या बैठकीत मी सुचवलं की पुढच्या वर्षी फ्लेक्सवर सगळ्यांची फक्त नावं घालू, बायकांची स्वतःची, नवऱ्याच्या नावाशिवाय आणि मोठ्या अक्षरात. आणि ज्यांना फोटो हवा त्यांचा एक चांगला फोटो पारण्यानंतर घरी काढून फ्रेम करून देऊ. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकीने विचारलं, फ्रेमचा खर्च कोण करणार? त्यावर अर्धा तास वाद झाला आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला. माझ्या बाजूने तीन हात वर आले होते. त्यातला एक त्या गल्लीतल्या सुनेचा होता, याचं मला नवल वाटलं. आमच्या सूनबाईंनी हात वर केला नाही, पण घरी येताना स्कूटरवर मागे बघून म्हणाल्या, "आई, तुमच्या आईंचा तो लग्नातला फोटो द्या मला. पदराखालचा चेहरा थोडा उजळून दिसतो का, बघते."

फोटो काढून दिलाय. अजून तिला वेळ झालेला नाही.